शनिवारी रात्री संदेश शोधायची वेळ येऊ नये म्हणून: पाळकाची प्रार्थना आणि वचनाचा अभ्यास यांची घडी कशी बसवायची

आपल्याकडच्या पाळकांना, म्हणजे चर्चच्या पास्टरांना, प्रार्थनेचं महत्त्व सांगायची गरज नाही, त्यावर ते स्वतःच वर्षातनं चार संदेश (प्रवचनं) देतात. अडचण वेगळीच आहे. कोल्हापूर शहर घ्या, कोडोली घ्या, गडहिंग्लज, इचलकरंजी घ्या, बऱ्याच पाळकांचा आठवडा असा जातो की सोमवार ते शुक्रवार घरभेटी, दवाखाना, मयत, कुणाच्या तरी दाखल्यासाठी पत्र, कमिटीची मिटिंग, आणि मग शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर बायबल उघडायचं आणि उद्या काय बोलायचं ते शोधत बसायचं. आठवडाभर प्रार्थना भरपूर झालेली असते पण ती सगळी दुसऱ्यांच्या घरात आणि दुसऱ्यांच्या समोर. स्वतःसाठी वाचलेलं काहीच नाही.

बायबलातलं एज्रा 7:10 (अध्याय 7, वचन 10) काढून बघा. एज्राने तीन गोष्टी मनाशी ठरवल्या होत्या, शास्त्राचा शोध घ्यायचा, ते पाळायचं आणि मग लोकांना शिकवायचं. आपण सुरुवात करतो तिसरीपासनं आणि पहिल्या दोन गोष्टी वेळ उरला तर. खालची सगळी पद्धत हा क्रम सरळ करण्यासाठी आहे, त्यामुळं टप्पे मागंपुढं करू नका. आणि पहिला टप्पा गाळू तर अजिबातच नका, तो कंटाळवाणा आहे म्हणून सगळे नेमका तोच गाळतात आणि मग पंधरा दिवसांत सगळं ढेपाळतं.

टप्पा 1: बसायच्या आधीची तयारी

जागा पहिली. मंडळीच्या (चर्चच्या) आवारातच घर असलं की दार चोवीस तास उघडं, कुणीही येतंय, चावी मागतंय, लाऊडस्पीकर मागतंय. अशा घरात हॉलमध्ये बायबल घेऊन बसलात तर दहा मिनिटांत कुणीतरी समोर येऊन बसणार आणि तुम्हाला ते बंद करायला लागणार. म्हणून चर्चमधली वेस्ट्री (पाळकाची तयारीची खोली), गच्चीवरची खोली, संडे स्कूलचा रिकामा वर्ग, कुठलीही जागा चालेल पण आतनं कडी लागली पाहिजे. मत्तय 6:6 मध्ये प्रभूने दार लावून घ्यायला सांगितलंय, ते शब्दशः घ्यायला हरकत नाही.

मग वेळ. इथं एक गंमत होते. पाळकांच्या मेळाव्यात कुणीतरी साक्ष देतं की मी पहाटे तीनला उठतो, आणि ऐकणारे दहा जण दुसऱ्या दिवसापासनं तीनचा गजर लावतात. ज्याची घर-प्रार्थना रात्री साडेदहाला संपते आणि जेवायला अकरा वाजतात त्यानं तीनला उठायचं म्हणजे आठवड्यात आजारपण. मार्क 1:35 मध्ये येशू अगदी पहाटे एकांतात गेला हे खरं, पण आमचं म्हणणं एवढंच की त्याच्या मागच्यापुढच्या ओळीपण वाचा. आदल्या संध्याकाळी सगळं गाव दारात जमलं होतं, आणि सकाळी शिमोन शोधत येऊन सांगतो की सगळे तुम्हाला शोधतायत, तरी तो त्या गर्दीकडं परत जात नाही, दुसऱ्या गावांकडं जाऊ या म्हणतो. किती वाजता उठला यापेक्षा गर्दीच्या मागणीवर आपला दिवस ठरू दिला नाही हे तिथं जास्त महत्त्वाचं आहे. तुम्हाला सकाळी सहा ते सात जमत असेल तर तेच. मुलांना शाळेत सोडून आल्यावर साडेआठ ते साडेनऊ जमत असेल तर तेही चालतंय. फक्त रोज तीच वेळ ठेवा.

आता ज्याच्याशिवाय जागा आणि वेळ दोन्ही टिकत नाहीत ते. कमिटीला सांगणे. नुसतं कानावर घालू नका, मासिक सभेत विषय मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या की अमुक वाजेपासनं अमुक वाजेपर्यंत पाळकसाहेब अभ्यासात आणि प्रार्थनेत असतात. लाजू नका. प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये विधवांच्या रोजच्या वाटपावरनं कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी हेच केलं, लोकांना बोलावून उघड सांगितलं की आम्ही प्रार्थना आणि वचनाची सेवा याला लागून राहणार. पण त्याच वेळी सात माणसं नेमून विधवांचं काम नीट लावूनही दिलं. हा दुसरा भाग विसरून काही पाळक या वचनाच्या आडोशानं घरभेटीच बंद करतात, मग मंडळी नाराज होते आणि ती बरोबरच नाराज होते. त्यामुळं सभेत वेळ मागताना तुमच्याकडचं कुठलं काम कोण घेणार तेही त्याच बैठकीत ठरवा. लाईट बिल, हॉलचं बुकिंग, दफनभूमीची चावी, गाडीची व्यवस्था. ही कामं वडील मंडळींतल्या (चर्चच्या एल्डरांतल्या) चौघांत वाटली जातात, कुणाला विचारलेलंच नसतं एवढंच.

⚠ सावधान: तुमचा फोन पाळकीण बाईंच्या हातात देऊन "ते प्रार्थनेला बसलेत" असं सांगायला लावू नका. त्यांचीही सकाळ असते, त्यांनाही वचन वाचायचं असतं. आठवड्याला एक वडील ठरवा, तातडीचे फोन त्यांच्याकडं. तातडीचं म्हणजे मरण, अपघात, ऑपरेशन किंवा कुणाच्या जिवाला धोका. बाकी सगळं तासभर थांबतं.

सामान थोडकं. नेहमीचं आर.व्ही. (रिव्हाइज्ड व्हर्जन) पवित्र शास्त्र, छापील. सोप्या मराठीतलं एक दुसरं भाषांतर. हिंदी किंवा इंग्रजी येत असेल तर त्यातलं एक. दोन वह्या, दोनच का ते पुढं कळेल. पेन्सिल. मोबाईल त्या खोलीत न्यायचाच नाही, बायबल ॲपवर वाचायची सवय असेल तर निदान फ्लाईट मोडवर टाका, नाहीतर मंडळीच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं पडायला लागली की झालं.

तपासणी: जागेला कडी आहे का? वेळ इतिवृत्तात आली का? तातडीचे फोन घेणारा ठरला का? तिन्हीला हो येत नसेल तर पुढं जाऊ नका, आधी हे करा.

टप्पा 2: आधी स्वतःसाठी वाचन, संदेश बाजूला

ही पहिली वही. हिच्यात संदेशाचा एक शब्द लिहायचा नाही.

पाळकाला सगळ्यात अवघड जाणारी गोष्ट हीच. वचन वाचताना त्याचं डोकं आपोआप मुद्दे पाडायला लागतं, हे तरुण संघाला सांगता येईल, हे त्या भांडखोर कुटुंबाला लागू पडतंय. दुसऱ्याला लागू करायच्या नादात स्वतःला लागू व्हायचं राहून जातं. उपाय साधा आहे. असा विचार आला की दुसऱ्या वहीच्या मागच्या पानावर दोन शब्द टिपा आणि परत वाचायला लागा. दाबायला गेलात तर तो विचार जात नाही, टिपला की जातो.

किती वाचायचं? नव्या करारात 260 अध्याय आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक धरला तर 52 आठवड्यांत बरोबर संपतो, शनिवार-रविवार मोकळे राहतात ते राहिलेलं भरून काढायला. त्याच्या जोडीला रोज एक स्तोत्र, 150 आहेत, पाच महिन्यांत एक फेरी. ज्याला अख्खं पवित्र शास्त्र वर्षात करायचं आहे त्याला 1189 अध्याय म्हणजे रोज तीन-साडेतीन लागतात, जमत असेल तर उत्तम, पण आमचं मत विचाराल तर ज्याची घडीच बसलेली नाही त्यानं आधी पहिला बेत एक वर्ष पूर्ण करावा. जानेवारीत उत्पत्तीपासनं धडाक्यात सुरुवात आणि फेब्रुवारीत लेवीयमध्ये थांबा, हे आपल्याकडं दरवर्षी होतंय.

बसल्यावर क्रम असा ठेवा. आधी दोन मिनिटं गप्प बसा, काही मागू नका. मग स्तोत्र मोठ्यानं वाचा, आवाज स्वतःच्या कानाला ऐकू येईल एवढा. मग अध्याय, एकदा सलग. मग परत, हळू, आणि जिथं मन अडखळतंय तिथं थांबा. वहीत तीनच गोष्टी लिहा: इथं देव कसा दिसतो, मला काय टोचलं, आज मी काय करणार. तिसरं अगदी नेमकं लिहा. "मी अधिक प्रेम करीन" असं लिहून काही होत नाही. "ज्या वडिलांशी सभेत वाद झाला त्यांना दुपारी फोन करणार" हे लिहिलं की त्याचं काहीतरी होतं, आणि नाही केलं तर उद्या वही उघडल्यावर ते समोर दिसतं.

मग त्याच अध्यायावरनं प्रार्थना. स्तुती, पापकबुली, उपकारस्तुती, मागणी, या क्रमानं. पापकबुली वगळू नका. लोकांसमोर प्रार्थना करायची इतकी सवय झालेली असते की एकट्यानं करतानाही पाळक "आम्ही सर्व पापी आहोत" असं म्हणून मोकळा होतो. इथं कुणी ऐकत नाहीये, "मी" म्हणा आणि नाव घेऊन सांगा, कालचं खोटं, कालचा राग, पैशाबद्दलची हाव, मोबाईलवर बघितलेलं, जे असेल ते.

⚠ सावधान: सकाळचं वचन स्टेटसला टाकायची घाई नको. टाकायचं असेल तर रात्री टाका. स्टेटससाठी वाचायची सवय लागली की छोटी, गोड वचनंच डोळ्याला दिसायला लागतात आणि यिर्मयाचं अर्धं पुस्तक दिसायचं बंद होतं.

टप्पा 3: मंडळी नावं घेऊन

"प्रभू, माझ्या मंडळीला आशीर्वाद दे" ही प्रार्थना वाईट नाही, पण दोन महिन्यांपासनं चर्चला न आलेलं कुटुंब तिच्यात निसटतं. रजिस्टर काढा, सगळी कुटुंबं लिहा आणि सहा दिवसांत वाटा. समजा 72 कुटुंबं आहेत, रोज 12 आली. प्रत्येकाला मिनिटभर दिलं तरी बारा मिनिटं, एवढंच. एकटी राहणारी म्हातारी माणसं, होस्टेलवरची मुलं, शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात कारखान्यांत तिसऱ्या शिफ्टला जाणारी आणि त्यामुळं रविवारी कधीच न दिसणारी पोरं, यांची नावं कुटुंबाच्या ओळीत बुडतात, त्यांना वेगळी ओळ द्या. जे तुमच्या विरोधात आहेत त्यांचं नाव सोमवारच्या यादीत घाला म्हणजे आठवडाभर टाळता येणार नाही.

शब्द सापडत नसतील तर प्रेषित पौलाच्या पत्रांतल्या प्रार्थना उसन्या घ्या. इफिस 1:15-23 आणि 3:14-21, फिलिप्पै 1:9-11, कलस्सै 1:9-12. बघा त्यात तो काय मागतोय, ज्ञान, समज, सहनशीलता, प्रीती वाढावी म्हणून. आपल्या याद्या नोकरी, व्हिसा, लग्न आणि ऑपरेशन एवढ्यावरच थांबतात. तेही मागा, जरूर मागा, पण त्या घरात विश्वास वाढावा म्हणून कुणीच मागत नाही.

⚠ सावधान, आणि हे जरा जोरात: यादीत गुपित लिहू नका. कुणाचा घटस्फोट, कुणाची दारू, कुणाच्या मुलीचं प्रकरण, हे तुम्हाला विश्वासानं सांगितलेलं असतं. वही टेबलावर राहते आणि कुणीतरी चाळतं. नावापुढं फक्त एक खूण करा, तुम्हाला कळलं की झालं. आणि "अमुक ताईंच्या घरातल्या त्रासासाठी प्रार्थना करा" असा मेसेज ग्रुपवर टाकायचा नाही, त्यांची स्वतःची परवानगी असल्याशिवाय. आपल्या मंडळ्यांत अर्ध्या चहाड्या प्रार्थना-विनंतीच्या नावाखाली फिरतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

तपासणी: महिन्याअखेरीस रजिस्टर उघडा. एखादं नाव महिनाभर घेतलं पण एकदाही त्या घराची पायरी चढला नाहीत असं दिसलं तर तिथं पुढच्या आठवड्यात जा.

टप्पा 4: संदेशाचा उतारा

आता दुसरी वही. इथं सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून सावकाश जाऊ.

सगळ्यात मोठी चूक क्रमाची. विषय आधी ठरतो, मग त्याला वचन शोधलं जातं, मग यूट्यूबवर कुणी काय बोललंय ते ऐकलं जातं, आणि हल्ली तर मोबाईलला विचारलं की तीन मुद्द्यांचा संदेश उदाहरणासकट तयार मिळतो. उतारा स्वतः वाचला जातो तो रविवारी व्यासपीठावर, पहिल्यांदा. हे उलटं करा: प्रार्थना, उतारा, परत उतारा, आजूबाजूचे अध्याय, दुसरी भाषांतरं, आणि सगळ्यात शेवटी टीकाग्रंथ (बायबलचा अर्थ उलगडणारी पुस्तकं). टीकाग्रंथ वाईट नाहीत, उलट जरूर वाचा, पण तुमचं स्वतःचं दोन पानं लिहून झाल्याशिवाय उघडू नका, नाहीतर त्यातलं पहिलं वाक्य डोक्यात बसतं आणि मग उताऱ्यात दुसरं काही दिसतच नाही.

एक उतारा घेऊन करून बघू. फिलिप्पै 4:13, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सगळं करू शकतो अशा अर्थाचं वचन. कॅलेंडरवर असतंय, दहावीच्या पोरांना परीक्षेआधी हेच लिहून दिलं जातंय. शनिवारी रात्रीचा संदेश यावर कसा होणार ते तुम्हीही सांगू शकता: तुम्ही काहीही करू शकता, मोठी स्वप्नं बघा, आमेन.

आता क्रमानं.

पहिलं, पौलाचं हे पत्र सलग वाचा. चार अध्याय, 104 वचनं, मोठ्यानं वाचलं तरी वीसेक मिनिटं. पहिल्याच अध्यायात कळतं की लिहिणारा बंधनात आहे, 1:13 मध्ये तो बेड्यांचं बोलतो. म्हणजे "मी सगळं करू शकतो" असं म्हणणारा माणूस बंधनाबाहेर पडू शकत नाहीये. हे एकदा डोक्यात शिरलं की अर्धा चुकीचा संदेश तिथंच मरतो.

दुसरं, आधीची आणि नंतरची वचनं. 4:10 पासनं 4:20 पर्यंत. विषय कशाचा आहे? मदतीचा. फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीताच्या हातून काहीतरी पाठवलंय, 4:18, आणि पौल आभार मानतोय. 11 आणि 12 मध्ये तो म्हणतो की असेल त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलोय, पोट भरलेलं असो की उपाशी, भरपूर असो की टंचाई. मग 13 येतं. म्हणजे "सगळं" हे परीक्षेत पहिलं येणं नव्हे, उपासमार आणि सुबत्ता दोन्ही झेलणं.

तिसरं, प्रश्न लिहा, उत्तरं नंतर. कोण बोलतंय, कुणाला, कुठल्या अडचणीत, कुठला शब्द परत परत येतोय, "पण", "म्हणून", "कारण" कुठं आहेत. "शिकलोय" या शब्दापाशी थांबा, म्हणजे हे त्याला एका रात्रीत आलेलं नाही. 4:14 मध्ये "तरी" असं येतं आणि तो म्हणतो की तुम्ही माझ्या संकटात भागीदार झालात ते चांगलं केलंत. म्हणजे समाधानी आहे म्हणून मदत नको, असंही नाही. हा मुद्दा मंडळीच्या दानाबद्दल बोलताना किती कामाला येईल बघा, आणि तो फक्त पुढचं वचन वाचल्यामुळं मिळाला.

चौथं, भाषांतरं शेजारी ठेवा. जिथं वेगळं दिसतंय तिथं खूण करा, तिथंच टीकाग्रंथाची गरज आहे.

पाचवं, आता ते स्वतःला विचारा. पगार दोन महिने लांबला तेव्हा मी समाधानी होतो का? एज्राची दुसरी पायरी हीच. इथं परत प्रार्थना करा, उताऱ्याच्याच शब्दांत. हे टाळून पुढं गेलात तर संदेश बरोबर असेल पण ऐकणाऱ्याला कळतंय की बोलणारा या वाटेनं गेलेला नाही.

सहावं, एका वाक्यात लिहा की हा उतारा काय सांगतो. एकाच. उदाहरणार्थ: "ख्रिस्त आपल्याला टंचाईतही आणि भरल्या घरातही उभं ठेवतो, आणि ते शिकावं लागतं." वाक्य होत नसेल तर अजून कळलेलं नाही, या क्रमातल्या "दुसरं" पाशी परत जा.

सातवं, कोण ऐकणार ते डोळ्यासमोर आणा. कॉन्ट्रॅक्ट संपलेला कामगार, उसाचं बिल अजून न आलेला शेतकरी, आणि नुकताच फ्लॅट घेतलेली नोकरदार जोडी, तिघांना हे वचन वेगळं बोलतंय. तिसऱ्यालासुद्धा बोलतंय, कारण पौल सुबत्तेतही सामर्थ्य लागतं म्हणतोय, आणि हे आपण सहसा सांगतच नाही.

आता लिहायला घ्या. मुद्दे तीन असलेच पाहिजेत असं काही नाही, उताऱ्यात दोन असतील तर दोन. गोष्टी आणि विनोद शेवटी घाला.

अशीच मोडतोड यिर्मया 29:11 ची होते. ते बाबेलात नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातलं आहे आणि आदल्याच वचनात सत्तर वर्षांचा काळ सांगितलाय, म्हणजे ऐकणाऱ्यांतले बरेच जण परतीचा दिवस बघणार नव्हते. मत्तय 18:20, दोघं-तिघं जमले की तिथं मी आहे, हे आपण उपस्थिती कमी असली की म्हणतो, पण ते अपराध केलेल्या भावाला समजावण्याच्या भागात येतंय. ही वचनं वापरू नका असं नाही, पूर्ण वाचून वापरा.

⚠ सावधान: एखाद्या माणसाला व्यासपीठावरनं टोला हाणण्यासाठी उतारा निवडू नका. मंडळीला लगेच कळतंय कुणाबद्दल चाललंय. बोलायचं असेल तर घरी जाऊन, एकट्याशी बोला. त्याच मत्तय 18 मध्ये तेच सांगितलंय.

टप्पा 5: लोकांबरोबर प्रार्थना

हा भाग थोडक्यात, कारण याची सवय तुम्हाला आहेच. घरभेटीत आधी ऐका, मग दोन-चार वचनं वाचा, मग प्रार्थना, आणि प्रार्थनेत त्या माणसानं सांगितलेल्या गोष्टी आल्या पाहिजेत. प्रार्थनेतनं उपदेश करू नका. डोळे मिटलेले असताना "प्रभू, या भावाला नियमित उपासनेला येण्याची बुद्धी दे" हे देवाला सांगणं नव्हे, ते भावाला सांगणं आहे.

दवाखान्यात, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यासारख्या मोठ्या वॉर्डात, शेजारच्या कॉटवर वेगवेगळ्या घरांतले, धर्मांतले पेशंट असतात. आवाज हळू, दोन-तीन मिनिटं, सिस्टर आल्या तर बाजूला व्हा. पेशंटला आधी विचारा, प्रार्थना करू का. याकोब 5:14 प्रमाणे वडिलांना सोबत न्या. आणि बरं होणारच अशी हमी देऊ नका, गोळ्या थांबवा असं तर चुकूनही नाही. उपास-प्रार्थनेचंही तसंच, मंडळीत शुगर आणि बीपीचे पेशंट घरोघरी आहेत, त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू देऊ नका, त्यांनी एक वेळचा टीव्ही सोडला तरी चालतंय.

टप्पा 6: आठवड्यात कुठं काय बसवायचं

सोमवार सुट्टी, खरोखरची. सकाळचं स्वतःचं वाचन आणि यादी फक्त. मंगळवारी उतारा ठरवून सलग वाचन, आणि तो उतारा दिवसभर डोक्यात राहू द्या, घरभेटीला जाता-येता गाडीवर त्याचाच विचार. बुधवारी आणि गुरुवारी प्रश्न, भाषांतरं, शेवटी टीकाग्रंथ. शुक्रवारी दुपारपर्यंत लिहून पूर्ण. शनिवारी एकदा मोठ्यानं वाचायचं, लांबलेलं कापायचं आणि बाकी वेळ प्रार्थनेला, नवीन काही शोधायचं नाही. शनिवारी रात्री नवा मुद्दा सुचलाच तर तो पुढच्या महिन्यासाठी टिपून ठेवा.

बरेच पाळक दिवसा नोकरी करतात आणि मंडळीही सांभाळतात, त्यांना हे वाचून हसू येईल. त्यांनी बायबलातलं एक पुस्तक घ्यावं आणि महिनोन्‌महिने त्यातनंच क्रमानं बोलावं, म्हणजे "या रविवारी काय" या शोधाचा वेळ वाचतो आणि मागचापुढचा संदर्भ आधीच झालेला असतो. रोज अर्धा तासच असेल तर वीस मिनिटं स्वतःसाठी, दहा उताऱ्यासाठी. उलटं नाही. ज्यांच्याकडं शहरात एक आणि खेड्यात एक अशा दोन मंडळ्या आहेत त्यांनी दोन्हीकडं एकच उतारा घ्यावा, उदाहरणं मात्र वेगळी.

टप्पा 7: घडी मोडते तेव्हा

मोडणारच. कोल्हापुरात पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला आली की लोकांचं सामान हलवायला सुरुवात होते, आणि 43 ची धोका पातळी ओलांडली की पाळक अभ्यासाच्या खोलीत बसलेला बरा दिसत नाही आणि बसूही नये. 2019 आणि 2021 ला ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. अशा आठवड्यासाठी जूनमध्येच दोन संदेश पूर्ण तयार करून फाईलला लावून ठेवा. आणि आपत्तीत करायच्या वाचनासाठी चार-पाच स्तोत्रं पाठ असू द्या, 13, 23, 46, 121, कारण चिखलात आणि अंधारात पुस्तक उघडता येत नाही. धावपळीत प्रार्थना छोटी झाली तरी चालते, नहेम्यानं राजापुढं उभं असतानाच मनातल्या मनात केली होती, नहेम्या 2:4. पण नहेम्यानं पहिल्या अध्यायात उपास करून लांब प्रार्थनाही केलेली आहे, नुसत्या छोट्यावर तो चालला नाही.

दुसरी मोड आतली. वचन कोरडं लागतं, प्रार्थनेला शब्द येत नाहीत, आणि पाळक असल्यामुळं कुणाला सांगताही येत नाही. अशा वेळी जास्त वेळ बसायचा हट्ट धरू नका. आधी झोप आणि जेवण बघा. 1 राजे 19 मध्ये एलीया मरण मागत झुडपाखाली पडला होता तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून परत खायला दिलं. मग स्तोत्र 13 आणि 88 मोठ्यानं वाचा. 88 तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही, आणि तरी ते प्रार्थना म्हणून शास्त्रात ठेवलंय. स्वतःचे शब्द नसतील तर ते शब्द वापरा.

आणि एका दुसऱ्या पाळकाला गाठा, शक्यतो दुसऱ्या गावातल्या, ज्याला तुमच्या कमिटीचं राजकारण माहीत नाही. महिन्यातनं एकदा भेटा, एकमेकांना तीन प्रश्न विचारा: स्वतःसाठी काय वाचलंस, कुणासाठी प्रार्थना टाळतोयस, घरात कसं चाललंय. हा कोरडेपणा महिना-दोन महिने तसाच राहिला, झोप लागेना, रडू यायला लागलं किंवा जगावंसं वाटेना झालं तर डॉक्टरकडं जा, आणि जगावंसं वाटत नसेल तर महिना सोडा, त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगून जा. गुडघा दुखला की जातोच की.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन अध्याय करून हिशोब पुरा करायच्या मागं लागू नका. चुकलेला अध्याय शनिवारी वाचा, शनिवारीही नाही जमलं तर सोडून द्या आणि सोमवारी ठरलेल्या ठिकाणाहून सुरू करा.